आलेखातील देवनागरी : मॅटप्लॉटलिबच्या मजकूर-मांडणीची चिकित्सा

सारांश

संख्यात्मक माहिती मराठीतून मांडताना आलेखातील मराठी अक्षरे बिघडतात आणि बहुतेक वेळा त्यावर उपाय म्हणून आलेखच इंग्रजीत काढला जातो. प्रस्तुत लेखात पायथन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब ही आलेखनाची लायब्ररी विचारात घेतली असून तिच्यातील देवनागरी मजकुराचे दोष कोणत्या प्रकारचे आहेत, ते कोठे उद्भवतात आणि त्यांवर योजले जाणारे उपाय कितपत ग्राह्य आहेत याची चिकित्सा केली आहे. उदाहरणांसाठी दक्षिण मुंबईतील फणसवाडी व तिच्या परिसरातील स्थलनामे घेतली आहेत. आलेखातील अक्षरदोष हा केवळ सजावटीचा दोष नसून संशोधनाच्या विश्वासार्हतेशी निगडित प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आलेख, देवनागरी, जोडाक्षर, युनिकोड, फॉन्ट, मुद्रणपरंपरा

१. प्रस्तावना

आलेख हा संशोधनलेखाचा एक परिच्छेदच असतो. त्यात वाक्ये नसतात, पण विधान असते, आणि ते विधान ज्या शब्दांच्या आधाराने वाचले जाते ते शब्द म्हणजे अक्षांवरील नावे, स्तंभांखालील वर्ग, सूचीतील खुणा व शीर्षक. हे शब्द चुकीचे वाचले गेले तर रेषा कितीही अचूक असली तरी विधान कोसळते. असे असूनही आपल्याकडे लेखाच्या मजकुराचे मुद्रितशोधन जेवढ्या कसोशीने होते, तेवढे आलेखातील मजकुराचे होत नाही. ‘ते संगणकाने काढलेले आहे’ या सबबीखाली आलेख तपासणीतून सुटतो.

मॅटप्लॉटलिब ही मुक्त स्वरूपाची लायब्ररी जॉन हंटर (१९६८-२०१२) या अमेरिकी मज्जाविज्ञान-संशोधकाने मेंदूतील विद्युतलहरींच्या नोंदी पाहण्याच्या गरजेतून सुरू केली आणि २००३ मध्ये ती प्रकाशात आली. पुढील दोन दशकांत विज्ञान, अर्थशास्त्र, भूगोल, लोकसंख्याशास्त्र अशा सर्वच शाखांत ती रुळली. एका संशोधकाच्या निकडीतून जन्मलेले आणि पुढे मुख्यतः स्वयंसेवकांनी वाढवलेले हे साधन आहे. त्यामुळे तिच्यातील उणिवांमागे हेतू शोधणे अन्यायाचे होईल. परंतु हेतू नसला तरी गृहीतक असते. कोणत्याही साधनात न सांगता, आपोआप जे घडते त्यात ते गृहीतक उघड होते. मॅटप्लॉटलिबचे गृहीतक असे की, मजकूर म्हणजे डावीकडून उजवीकडे एकापुढे एक ठेवलेली सुटी अक्षरे. रोमन लिपीपुरते ते खरे आहे, देवनागरीपुरते नाही.

२. दोन निराळे दोष

मराठी मजकुराचे जे दोष आलेखात दिसतात त्यांत दोन दोषांची नेहमी गल्लत होते. पहिला दोष अक्षर नसण्याचा, दुसरा अक्षर न जुळण्याचा.

पहिल्या दोषात मराठी शब्दाच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग उमटते. २०१७ मधील २.० या आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट डेजावू सान्स हा आहे आणि त्यात देवनागरी अक्षरे नाहीत. अशा वेळी लायब्ररी एक सूचनाही देते. तीत न सापडलेल्या अक्षराचा क्रमांक असतो. ‘फ’ या अक्षराचा युनिकोडमधील क्रमांक दशमान पद्धतीने २३४७ आहे, म्हणून ‘फणसवाडी’ लिहिताना पहिली तक्रार २३४७ या क्रमांकाची येते. २३०४ ते २४३१ या पट्ट्यातील क्रमांक सूचनेत दिसला, की दोष फॉन्टचा आहे हे निश्चित समजावे. नोटो सान्स देवनागरी, लोहित, मुक्त यांसारखा युनिकोड फॉन्ट संगणकावर ठेवून लायब्ररीला त्याचे नाव दिले की चौकटी नाहीशा होतात.

येथेच फसगत होते. चौकटी गेल्या म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते, कारण चाचणीसाठी घेतलेला शब्द बहुधा सोपा असतो. ‘फणसवाडी’ हा शब्द पाहावा. त्यात जोडाक्षर नाही, रफार नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही. काना आणि दीर्घ वेलांटी ही दोन्ही चिन्हे व्यंजनानंतरच लिहिली जातात आणि व्यंजनानंतरच दिसतात. सुटी अक्षरे एकापुढे एक ठेवली तरी हा शब्द शुद्ध उमटतो. मात्र फणसवाडीतून बाहेर पडून चार पावले टाकताच परिस्थिती पालटते. ‘गिरगाव’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी संगणकाच्या नोंदीत ‘ग’ नंतर असते, परंतु वाचकाला ती ‘ग’ च्या आधी दिसली पाहिजे. हा क्रम बदलला गेला नाही तर वेलांटी पुढच्या ‘र’ ला चिकटते आणि शब्द ‘गरिगाव’ असा वाचला जातो. ‘चिरा बाजार’ मधील वेलांटीही तशीच ‘च’ सोडून ‘रा’ कडे सरकते. ‘ठाकुरद्वार’ मधील ‘द्व’ फुटून पाय मोडलेला ‘द’ आणि पूर्ण ‘व’ वेगवेगळे उभे राहतात. ‘चर्नी रोड’ मधील रफार डोक्यावर न चढता पाय मोडलेला ‘र’ म्हणून ओळीत येतो. ‘प्रार्थना समाज’ मध्ये तर जोडाक्षर आणि रफार दोन्ही मोडतात. ‘काळबादेवी’ आणि ‘मुंबई’ मात्र बऱ्याच फॉन्टांत ठीक दिसतात, कारण मात्रा, उकार व अनुस्वार ही चिन्हे मागील अक्षरावर सरकून बसतील अशाच बेताने फॉन्टकाराने आखलेली असतात.

तात्पर्य, एकाच आलेखात एकाच फॉन्टने लिहिलेली शेजारशेजारची स्थलनामे काही शुद्ध आणि काही अशुद्ध उमटतात. यावरून हा दोष फॉन्टचा नाही हे सिद्ध होते. फॉन्ट बदलत राहणे हा या दुसऱ्या दोषावरील सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निष्फळ उपाय आहे.

३. दोषाचे मूळ : जुळणीची गहाळ पायरी

युनिकोडमध्ये मराठी शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. तो डोळ्यांना दिसावयाच्या क्रमात आणणे, ‘द’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ‘व’ या तिघांऐवजी ‘द्व’ ही एक आकृती निवडणे, रफार योग्य अक्षराच्या माथ्यावर बसवणे ही सर्व कामे एका स्वतंत्र पायरीवर होतात. या जुळणीचे नियम फॉन्टमध्येच कोरलेले असतात. पण ते वाचून अमलात आणणारी प्रणाली वेगळी लागते. हार्फबझ ही त्यांपैकी सर्वांत प्रचलित. मॅटप्लॉटलिबने मात्र ३.१० (डिसेंबर २०२४) पर्यंतच्या आवृत्त्यांत आपल्या मूळ चित्रणपद्धतीत फ्रीटाइप या प्रणालीवर विसंबून एका क्रमांकाला एक आकृती मागवली आणि त्या आकृत्या ओळीत ठेवल्या. जुळणीचे नियम फॉन्टमध्ये होते, पण ते विचारणारे कोणी नव्हते.

फणसवाडीसारख्या वस्तीचा संदर्भ येथे केवळ उदाहरणापुरता नाही. देवनागरी अक्षरे जुळवण्याचा प्रश्न याच परिसरात दीड-दोन शतकांपूर्वी हाताने सोडवला गेला होता. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शिळेवर हाताने लिहिलेलेच उमटत असल्याने जोडाक्षरांचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. सुट्या खिळ्यांचे मुद्रण आले तसा तो उद्भवला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. फणसवाडीपासून पायी थोड्याच अंतरावर असलेल्या कोलभाट गल्लीतील या छापखान्याच्या देखण्या अक्षरवळणाची ख्याती देशभर पसरली. अखंड पद्धतीत मात्रेसह संपूर्ण अक्षर एका खिळ्यात ओतले जाई, तर डिग्री पद्धतीत मात्रा, रफार, अनुस्वार यांचे बारीक खिळे अक्षराच्या वर-खाली वेगळे बसवले जात. दोन्हींत खिळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागे. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात देवनागरी मुद्राक्षरांचा हा इतिहास विस्ताराने नोंदवला आहे.

या इतिहासाचा आपल्या विषयाशी असलेला संबंध एका वाक्यात सांगता येईल : छापखान्यात अक्षरे कोणत्या क्रमाने लावावयाची हे जुळाऱ्याला ठाऊक होते. हस्तलिखितात ‘गि’ दिसताच त्याचा हात आधी वेलांटीच्या खणाकडे जात असे. युनिकोडने साठवणुकीचा क्रम आणि दर्शनाचा क्रम वेगळा केला, तेव्हा जुळाऱ्याचे हे ज्ञान प्रणालीकडे सोपवले गेले. मॅटप्लॉटलिबमध्ये खिळे आहेत, खण आहेत, छापयंत्रही आहे. ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत जुळारी तेवढा नव्हता.

४. प्रचलित उपायांची छाननी

या उणिवेवर संशोधकांनी जे मार्ग काढले आहेत ते सारखे नाहीत. त्यांचे मूल्यमापन करताना एकच निकष पुरेसा आहे : आलेख शुद्ध दिसतो का, एवढेच न पाहता आलेखामागील नोंद शुद्ध राहते का, हेही पाहिले पाहिजे.

पहिला मार्ग क्रम उलटवण्याचा. माहितीतच वेलांटी ‘ग’ च्या आधी टंकायची, म्हणजे चित्रात ‘गिरगाव’ बरोबर दिसते. हा मार्ग सर्वांत त्याज्य होय. चित्र सुधारते, पण नोंद बिघडते. तो शब्द शोधता येत नाही, अन्य तक्त्याशी जोडता येत नाही आणि जुळणी करणाऱ्या कोणत्याही प्रणालीत तो चुकीचाच दिसतो. शिवाय ‘द्व’ आणि रफार यांवर हा उपाय चालतच नाही.

दुसरा मार्ग जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांचा. श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टांत अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या होत्या आणि टंकन दर्शनाच्या क्रमानेच चाले. त्यामुळे असे फॉन्ट मॅटप्लॉटलिबमध्ये निर्दोष दिसतात. यात आश्चर्य नाही, कारण ते खऱ्या अर्थाने खिळ्यांचे फॉन्ट आहेत. परंतु त्या फॉन्टाविना तोच मजकूर अर्थहीन रोमन चिन्हांचा ढीग होतो. ज्या अडचणीतून मराठी युनिकोडमुळे बाहेर पडली, तीत आलेखापुरते परत जाणे शहाणपणाचे नाही.

तिसरा मार्ग आलेख कोरा काढून त्यावर दुसऱ्या साधनाने मराठी शब्द चिकटवण्याचा. निकडीच्या वेळी तो चालतो. मात्र माहिती बदलली, स्तंभांचा क्रम बदलला आणि वर चिकटवलेली नावे तशीच राहिली, तर आलेख सरळ खोटे बोलू लागतो, आणि ही चूक लेख तपासणाऱ्याला दिसण्याचा मार्ग नसतो.

चौथा मार्ग, जो खऱ्या अर्थाने उपाय म्हणता येईल, तो जुळणीचे काम ते जाणणाऱ्या प्रणालीकडे सोपवण्याचा. याचे तीन प्रकार उपलब्ध आहेत. (अ) आलेख एसव्हीजी स्वरूपात जतन करताना मजकूर मजकूर म्हणूनच ठेवणे. लायब्ररी आपण होऊन अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करते आणि त्यामुळे चूक कायमची गोठते, ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ ही मांडणी ‘नन’ केल्यास शब्द तसेच राहतात व ब्राउझर त्यांची जुळणी करतो. दोष असा की, शब्दाची लांबी लायब्ररीने न जुळलेल्या अक्षरांवरून मोजलेली असते, त्यामुळे सूचीची चौकट सैल किंवा तोकडी पडते. (आ) पीजीएफ मार्गाने मजकूर झीलाटेककडे पाठवणे. येथे लिपी देवनागरी व भाषा मराठी असल्याचे सांगता येते आणि मापही जुळलेल्या अक्षरांचेच घेतले जाते. छापील नियतकालिकासाठी हा मार्ग सर्वांत निर्दोष, पण त्यासाठी टेकची व्यवस्था संगणकावर लागते आणि वेळही अधिक जातो. (इ) एमपीएलकैरो ही पर्यायी चित्रणपद्धती वापरणे. ती राक्म या दुव्यामार्फत हार्फबझची मदत घेते. मूळ लायब्ररीतच ही जुळणी समाविष्ट करण्याचे काम तिच्या विकसकांनी हाती घेतले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. म्हणून कोणताही उपाय योजण्यापूर्वी आपली आवृत्ती कोणती हे पाहणे अगत्याचे ठरते.

५. अंक, चिन्हे आणि क्रम

अक्षरांइतकेच अंकही विचारात घेण्याजोगे आहेत. अक्षावरील संख्या १० लाखांच्या घरात गेल्या, की लायब्ररी त्यांना दशलक्षाने भागून टोकाला घातांकाची एक बारीक खूण ठेवते. आपल्याकडील वाचक लाख-कोटींत वाचतो. ती खूण त्याच्या नजरेतून निसटली तर २५ लाखांची संख्या अडीच म्हणून वाचली जाते. स्वल्पविराम घालण्याची सर्वसाधारण आज्ञा दिल्यास तो दर तीन अंकांनंतर पडतो. ‘१०,००,०००’ असे हवे असेल तर अक्षाच्या अंकांसाठी स्वतःचा छोटा नियम लिहावा लागतो. त्याच नियमात रोमन पद्धतीच्या अंकांचे देवनागरी अंकांत रूपांतरही करता येते. हे काम दहा-बारा ओळींचे आहे आणि एकदा केले की विभागातील सर्वांना पुरते.

देवनागरी फॉन्ट योजल्यावर ऋण संख्यांपुढे पुन्हा चौकटी येतात, हाही नेहमीचा अनुभव. लायब्ररी ऋणचिन्हासाठी युनिकोडमधील खास चिन्ह वापरते आणि ते सर्व देवनागरी फॉन्टांत नसते. साधी आडवी रेघ वापरण्याची सूचना दिली की चौकट जाते. २०२२ मधील ३.६ या आवृत्तीपासून एकाऐवजी फॉन्टांची यादी देता येते. पहिल्यात अक्षर नसेल तर ते दुसऱ्यातून घेतले जाते. मराठी नावे आणि रोमन चिन्हे एकत्र असलेल्या आलेखात ही सोय मोलाची आहे.

क्रमाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. वर्गांची नावे अकारविल्हे लावताना संगणक सामान्यतः युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावतो. त्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर आहे. शिवाय एकच मराठी शब्द दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. ‘किनाऱ्यालगत’ या शब्दातील अर्धा ‘र’ दोन वेगवेगळ्या संकेतांनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द. परिणामी आलेखात एकाच वर्गाचे दोन स्तंभ उभे राहतात आणि दोन्हींखाली तेच नाव दिसते. हा दोष युनिकोडच्या सर्वसाधारण एकरूपीकरणानेही जात नाही. माहिती शुद्ध करताना तो जाणीवपूर्वक काढावा लागतो.

६. इंग्रजी आलेखाची किंमत

‘मग आलेख इंग्रजीतच काढावा’ हा युक्तिवाद यावर केला जातो आणि व्यवहारात तोच विजयी होतो. लेख मराठी, तक्ते मराठी आणि आलेख इंग्रजी, असे मिश्र रूप त्यामुळे निर्माण होते. या सोयीची किंमत मात्र मोजली जात नाही.

पहिली किंमत अचूकतेची. ‘फणसवाडी’ हे नाव रोमन लिपीत ‘एफ’ ने लिहिले जाते, तसेच ‘पीएच’ नेही. दोन सर्वेक्षकांनी दोन प्रकारे लिहिले तर एका वस्तीचे दोन स्तंभ होतात आणि प्रत्येक स्तंभ खऱ्यापेक्षा ठेंगणा दिसतो. देवनागरीत हा घोळ मुळात उद्भवला नसता. दुसरी किंमत अर्थाची. वाडी, चाळ, खोली, पागडी या गिरगावच्या जीवनातील संज्ञा आहेत. त्यांना इंग्रजी प्रतिशब्द दिला की वाडी ही केवळ एक गल्ली होते आणि चाळ ही केवळ भाड्याची इमारत. संशोधकाने क्षेत्रपाहणीत काळजीपूर्वक आखलेले वर्ग आलेखाच्या सोयीसाठी शेवटच्या घटकेला पुसट होतात. तिसरी किंमत वाचकाची. ज्यांच्याविषयी माहिती गोळा केली त्या रहिवाशांना तो आलेख वाचता येत नाही. साधनाच्या मर्यादेने संशोधनाची भाषा ठरवावी, ही स्थिती कोणत्याही विद्याशाखेने बिनतक्रार स्वीकारू नये.

येथे मॅटप्लॉटलिबच्याच इतिहासातील एक गोष्ट बोलकी आहे. २०१७ मध्ये तिने आपली मूळ इंद्रधनुषी रंगयोजना बदलून व्हिरिडिस ही नवी रंगयोजना स्वीकारली, कारण जुन्या रंगांमुळे माहितीत नसलेल्या सीमारेषा भासत आणि रंगांधळ्या वाचकांना आलेख नीट वाचता येत नसे. म्हणजे दिसण्याचा दोष हा आकलनाचा दोष असतो, हे तत्त्व या लायब्ररीने रंगांच्या बाबतीत पूर्वीच मान्य केले होते. तेच तत्त्व अक्षरांना लागू करावे, एवढीच अपेक्षा. मागणीशिवाय अशा सुधारणा होत नाहीत, आणि जो मराठी संशोधक इंग्रजी आलेखाकडे निमूटपणे वळतो त्याची मागणी कोठेच नोंदली जात नाही.

७. निष्कर्ष

१) रिकाम्या चौकटी हा फॉन्टच्या अभावाचा दोष असून सरकलेली वेलांटी, फुटलेले जोडाक्षर व उतरलेला रफार हा जुळणीच्या अभावाचा दोष आहे. दोहोंचे निदान व उपाय वेगळे आहेत.

२) एका सोप्या शब्दावर चाचणी घेऊ नये. ‘फणसवाडी’ सोबत ‘गिरगाव’, ‘ठाकुरद्वार’ आणि ‘प्रार्थना समाज’ ही नावे शुद्ध उमटली, तरच आलेखाची व्यवस्था मराठीसाठी पात्र समजावी.

३) चित्र सुधारण्यासाठी मूळ नोंद बिघडवणारा कोणताही उपाय संशोधनात ग्राह्य धरू नये.

४) अंकांची लाख-कोटींतील मांडणी, वर्णक्रम आणि दुहेरी संकेत यांची तपासणी हा माहितीशुद्धीचा भाग मानावा.

५) महाविद्यालयीन नियतकालिकांनी मराठी लेखांतील आलेख मराठीतच मागवावेत आणि परीक्षकांनी त्यांतील अक्षरे मजकुराइतक्याच काटेकोरपणे तपासावीत.

गिरगावच्या छापखान्यांत एक मोडके जोडाक्षर दिसले तरी फर्मा थांबवला जावा, इतकी अक्षराची चाड मराठी मुद्रणाने एके काळी अपेक्षिली. साधने बदलली तरी त्या अपेक्षेत घट होण्याचे कारण नाही. आलेख संगणक काढत असला, तरी त्यावर नाव संशोधकाचे असते आणि त्यातील प्रत्येक वेलांटीची जबाबदारीही त्याचीच असते.